पोरांनी गाडीच्या खेळाचं स्टिअरिंग मागितलं तर

  

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, आता ह्या बायांना हेच बोलायचं राहिलं होतं. बोलायचं आहे ते संगणकावरच्या गाड्यांच्या खेळाला जोडतात त्या स्टिअरिंगबद्दल. पण दिवाळीपासून आपल्या केंद्रावर जे निरोप येतात, त्यांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. पोरगा स्टिअरिंग मागतोय, सहा हजार म्हणतोय, घ्यावं का, आणि घ्यायचं तर कुठलं? एका ताईंनी तर निरोपात म्हटलं होतं, "सहा हजारात शेळीचं चांगलं पिल्लू येतं, आणि हे तर नुसतं गोल प्लॅस्टिक." त्या ताईंचा राग आम्हाला कळतो. पण राग आला म्हणून पोराचा हट्ट थांबत नाही, आणि बापाने एक दिवस कुठून तरी उधारीवर आणून दिलं की पैसे आपल्याच डब्यातून जातात. म्हणून माहिती करून घेतलेली बरी. तालुक्याच्या गावात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या भाऊंकडे आम्ही दोन दुपारी बसलो. त्यांनी एक मोडकं स्टिअरिंग आमच्यासमोर खोलून दाखवलं. पोरांनाही विचारलं, कारण ह्या बाबतीत पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सगळ्यात आधी पोराला एकच विचारायचं: तू खेळतोस कशावर?

उत्तर "मोबाईलवर" असलं तर विषय जवळजवळ तिथेच संपतो. आपल्याकडच्या कितीतरी पोरांच्या मोबाईलवर बस सिम्युलेटर इंडोनेशिया नावाचा खेळ आहे. खेळ इंडोनेशियातला, पण पोरं त्या बसला आपल्या एसटीचा लाल रंग चढवतात आणि लाल परी म्हणून पळवतात. बघायला आपल्यालाही मजा वाटते. पण असे मोबाईलचे खेळ बोटाने किंवा मोबाईल तिरका करून खेळण्यासाठी बनवलेले असतात. संगणकाचं स्टिअरिंग वायरीने मोबाईलला जोडलं म्हणून ते चालेलच असं नाही. दुकानदार चालतं म्हणाला, तरी पोराचाच मोबाईल, पोराचाच खेळ आणि तेच स्टिअरिंग दुकानातच जोडून दाखवा म्हणावं. डोळ्यांनी दिसलं तरच पैसे. मोबाईलसाठी एक वेगळी वस्तू मिळते. प्लॅस्टिकच्या चाकाच्या मधोमध खाच असते, तिच्यात मोबाईल अडकवायचा आणि चाक फिरवायचं. त्यात ना वायर ना यंत्र. मोबाईल तिरका झाल्याचं मोबाईललाच कळतं, चाक फक्त धरायला असतं. लहान पोर असेल तर काहीशे रुपयांत हौस भागते.

उत्तर "संगणकावर" असलं तर पुढचा प्रश्न, कुठला खेळ? आईला खेळाची नावं काय कळणार, असं मनात आणू नका. नाव कागदावर लिहून घ्या, दुकानदाराला तेच विचारायचं आहे. युरो ट्रक सिम्युलेटर टू नावाचा मालट्रकचा खेळ आहे, चेक देशातल्या कंपनीने २०१२ साली काढलेला. एका गावाहून माल भरायचा, दुसऱ्या गावी पोचवायचा, डिझेल भरायचं, झोप आली की थांबायचं. असेतो कोर्सा हा इटलीतल्या कंपनीचा शर्यतीचा खेळ, २०१४ चा. हे दोन्ही स्टिअरिंगने खेळावेत म्हणूनच रचलेले आहेत. उलट पुष्कळ पोरं जीटीए खेळतात, त्यातही गाड्या पळवतात, पण त्या खेळात स्टिअरिंगची सोय केलेलीच नाही. काही ना काही जुगाड करून जोडावं लागतं, आणि जोडलं तरी मजा येत नाही. म्हणजे पोरगा जीटीएसाठी स्टिअरिंग मागत असेल तर त्याला हजार-दीड हजाराचं दोन्ही हातांत धरायचं गेमपॅड पुरतं. ते इतर खेळांनाही चालतं. स्टिअरिंग गाडीशिवाय कशालाच उपयोगी नाही.

आणि घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल, कुणाच्या मुंबईच्या मामाने जुनं दिलेलं वगैरे, तर खोक्यावर त्याच यंत्राचं नाव छापलेलं आहे का ते बघायचं. लॉजिटेकची दोन स्टिअरिंग आहेत, जी २९ आणि जी ९२०. दिसायला बहिणी-बहिणी. जी २९ प्लेस्टेशनसाठी, जी ९२० एक्सबॉक्ससाठी. संगणकाला दोन्ही चालतात, पण एकीचं यंत्र दुसरीला चालत नाही. पैसे देऊन झाल्यावर हे कळून काय उपयोग?

आता स्टिअरिंगच्या पोटात काय असतं ते सांगतो. हे कळलं की किंमत पाच हजार का आणि पंचवीस हजार का, हेही कळतं.

स्वस्तातलं स्टिअरिंग खोललं तर आत एक दांडा असतो, आणि त्याला रबराची दोरी नाहीतर स्प्रिंग बांधलेली असते. चाक फिरवलं की रबर ताणतं, सोडलं की रबर चाकाला मधोमध आणून सोडतं. पाळण्याला झोका दिला की तो जागेवर येतो तसं. खेळात गाडी डांबरी रस्त्यावर असो, चिखलात असो, की खड्ड्यात आपटो, हाताला तेवढाच ताण लागतो. काहींत छोटी मोटर असते, ती मोबाईल थरथरतो तशी थरथर करते. खोक्यावर त्याला व्हायब्रेशन म्हणतात.

महागातल्यात रबर नसतं. त्यात मोटर असते, आणि ती मोटर चाक खरंच ओढते. गाडी वळणावर घसरली की चाक हलकं पडतं, दगडावरून गेली की हिसका देतं. ह्याला फोर्स फीडबॅक म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा. व्हायब्रेशन वेगळं आणि फोर्स फीडबॅक वेगळं. विकणारे दोन्हीतलं कुठलंही असलं तरी "फीडबॅक आहे ताई, फीडबॅक" असं घाईत बोलून जातात. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बायांना हिसका म्हणजे काय ते सांगायला नको. पुढचं चाक बांधाला लागलं की स्टिअरिंग असं फिरतं, की आत अंगठा अडकला असेल तर मोडतो. म्हणून जुने चालक अंगठा चाकाच्या आत घालू देत नाहीत. खेळातल्या मोटरचा हिसका तेवढा नसतो, पण शिकवण तीच ठेवावी, अंगठा बाहेर.

ओढणाऱ्या मोटरला वीज लागते. अशा स्टिअरिंगला वेगळा अडॅप्टर येतो, तो भिंतीतल्या बोर्डात लावायचा. आपल्याकडे दाब कमी-जास्त होतो, मोटारी सुरू झाल्या की बल्ब मिणमिणतात. तिथे हा अडॅप्टर जपावा लागतो. रबरवाल्याला हे काही नको, संगणकाच्या यूएसबीतून मिळते तेवढी वीज त्याला पुरते. ही स्वस्ताची एक जमेची बाजू आम्हाला वाटली.

दुसरी गोष्ट, चाक किती फिरतं. खोक्यावर १८०, २७०, ९०० असे आकडे असतात. पोरं हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात, आपल्याला काही बोध होत नाही. जात्यावर दळलेल्या बायांसाठी सोपं आहे. जात्याचा खुंटा एक पूर्ण फेरा फिरला की ३६०. मग १८० म्हणजे अर्धा फेरा, २७० म्हणजे पाऊण फेरा आणि ९०० म्हणजे अडीच फेरे. खऱ्या मोटारीचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण अडीच-तीन फेरे फिरतं, ट्रकचं त्याहून जास्त. तेव्हा पोर ट्रक किंवा बस चालवत असेल आणि चाक अर्धाच फेरा फिरत असेल, तर थोडा हात हलला की ट्रक रस्ता सोडतो. पोरं वैतागतात आणि दोन महिन्यांत चाक माळ्यावर जातं. फक्त शर्यतीच्या गाड्या पळवायच्या असतील तर २७० वर चालून जातं, कारण तिथे झटकन वळवायचं असतं.

चीनमधल्या पीएक्सएन कंपनीची स्टिअरिंग आपल्याकडे पोरांत जास्त ऐकायला मिळतात. त्यातलं व्ही ३ प्रो हे अर्ध्या फेऱ्याचं. व्ही ९०० आणि व्ही ९ ह्यांना २७० आणि ९०० असं बदलता येतं. व्ही ९ सोबत गिअरचा दांडा आणि क्लचसकट तीन पेडल येतात. पण तिन्हींत ओढणारी मोटर नाही. थ्रस्टमास्टर ही फ्रान्सची कंपनी, तिचं टी ८० हे २४० चं, तेही रबरवालंच. मोटरवालं घ्यायचं तर लॉजिटेकचं जी २९, जे २०१५ साली बाजारात आलं आणि आजही नवं मिळतं, ते वीस हजारांच्या वर जातं. किमती रोज हलतात, सणाला उतरतात, म्हणून आज आम्ही सांगितलेला आकडा उद्या धरून बसू नका. पण मोजपट्टी अशी: पाच-सात हजारांच्या आसपास रबर, आणि मोटर पाहिजे तर त्याच्या तिप्पट-चौपट. "दहा हजारात मोटरवालं नवं मिळतंय" असं कुणी म्हणालं तर दोनदा बघा, आत बहुतेक थरथरणारी मोटर निघेल.

आता पेडल. आमच्या मते स्वस्त स्टिअरिंगची खरी परीक्षा पायाखाली असते. आमच्या एका मैत्रिणीच्या भाच्याने मोबाईलवरून एक अगदी स्वस्तातलं मागवलं. चाक छान होतं. पण ब्रेकवर पाय ठेवला की गाडी एकदम जागेवर, उचलला की एकदम सुसाट. मधलं काहीच नाही. कारण पेडल म्हणजे आत नुसतं बटण होतं, दिव्याच्या बटणासारखं, चालू नाहीतर बंद. जितकं दाबू तितका ब्रेक लागायचा तर आत वेगळा भाग लागतो. तो भाग आपल्या ओळखीचा आहे. आपल्या जुन्या रेडिओला आवाज कमी-जास्त करायची जी गोल कळ असते ना, तिच्या आत असतो तोच. जुना रेडिओ कळ फिरवली की खरखर करतो, कारण आत धूळ बसलेली असते, पट्टी झिजलेली असते. स्वस्त स्टिअरिंगमध्ये चाकाखाली आणि पेडलखाली बऱ्याचदा हाच भाग असतो, आणि त्याचं म्हातारपणही असंच येतं. काही वर्षांनी पेडल न दाबताच गाडी हळूहळू पुढे सरकते, किंवा चाक सरळ धरलं तरी गाडी थरथरते. पोर म्हणतं खेळ बिघडला. खेळ नाही बिघडत, कळ खरखरते. दुकानातले भाऊ म्हणाले, खोलून साफ केलं तर बऱ्याचदा सुधारतं, आणि बदलायचा झाला तर तो भाग फार महाग नसतो. काही नव्या वस्तूंत चुंबकाने काम करणारा भाग बसवतात, त्याला हॉल सेन्सर म्हणतात. त्यात घासणं नाही, म्हणून झीज नाही. खोक्यावर तो शब्द दिसला तर तेवढे दोनशे-पाचशे जास्त गेले तरी आमची हरकत नाही.

हे तपासायचं कसं? विंडोजच्या संगणकात एक युक्ती आहे, खेळ सुरू करायचीही गरज नाही. स्टिअरिंग जोडायचं. मग कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि आर, दोन्ही एकदम दाबायचं. छोटा चौकोन उघडतो. त्यात टाईप करायचं: जे, ओ, वाय, मग टिंब, मग सी, पी, एल. एंटर दाबलं की जोडलेल्या वस्तूचं नाव येतं. त्यावर प्रॉपर्टीज दाबलं की पट्ट्या दिसतात. पेडल हळू दाबलं की पट्टी हळूहळू भरली पाहिजे. एकदम टोकाला उडी मारली तर आत बटण आहे. पाय काढल्यावर पट्टी पूर्ण रिकामी झाली पाहिजे. चाक मधोमध सोडल्यावर खूण जागेवर स्थिर राहिली पाहिजे, नाचता कामा नये. दोन मिनिटांचं काम. जुनं स्टिअरिंग घेताना तर हे केल्याशिवाय पैसे काढूच नका.

जुन्याचं निघालं म्हणून सांगतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, नाहीतर मोबाईलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मोटरवालं जुनं स्टिअरिंग कधीकधी बरं मिळतं. लॉजिटेकचं जी २७ हे २०१० च्या सुमाराचं, अजून फिरतंय. संगणकाला ते चालतं, प्लेस्टेशन फोरला नाही. विकणारा हे सांगेलच असं नाही. अडॅप्टर मूळचा आहे का बघा, आणि चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून कुठे कटकट वाजतं का ऐका. आम्हाला विचाराल तर पहिलंच स्टिअरिंग घेताना जुनं मोटरवालं घेण्याच्या फंदात पडू नये. बिघडलं तर मोटर दुरुस्त करणारा तालुक्याला मिळत नाही.

नवं घेताना बिल पक्कं घ्यायचं, हे आपण मिक्सरच्या वेळेला, शिलाई मशीनच्या वेळेला बोललोच आहोत. वॉरंटी किती, आणि दुरुस्तीला कुठे पाठवायचं, हे बिल हातात घ्यायच्या आधी विचारायचं. बाहेरून आलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि देशाचं नाव छापलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर तक्रार कुणाकडे नेणार? घरपोच मागवलं तर खोकं फोडताना सुरुवातीपासून मोबाईलवर चित्रण करायचं. परत घ्यायची मुदत बऱ्याचदा थोड्या दिवसांची असते, म्हणून आलं त्याच दिवशी जोडून बघायचं, "पोराची परीक्षा झाल्यावर उघडू" असं करायचं नाही. त्या भाच्याचं बटणाचं पेडल ह्याच कारणाने परत गेलं नाही. आणि कुणी ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं.

ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहे. स्वस्त स्टिअरिंगला खाली रबराच्या वाट्या असतात, त्या गुळगुळीत काचेला, सनमायकाला चिकटतात. आपल्या घरातलं टेबल बहुधा खडबडीत लाकडाचं नाहीतर डुगडुगणारं प्लॅस्टिकचं. प्लॅस्टिकच्या टेबलावर तर चाकासकट टेबलच वळतं. (आम्ही पाहिलंय, फार हसलो.) शिकंजासारखा पकडणारा क्लँप असलेलं घ्यावं. पेडल पुढे सरकतं, त्याला भिंतीचा टेकू द्यावा नाहीतर एका फळीवर बसवून फळीवर खुर्चीचे पाय ठेवावेत. बसणाऱ्याच्याच वजनाने पेडल जागेवर राहतं. आमच्या एका ताईंकडे पायाच्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड पडून होतं, त्यावर जाड फळी ठोकली. तेवढं दणकट टेबल बाजारात दोन हजाराला मिळालं नसतं.

आता पैशांचं.

आमच्या गटात हा विषय आला तो मुलामुळे नाही, मुलीमुळे. आमच्यातल्या एक ताई दुधाचा रतीब घालतात. त्यांची मुलगी बारावी झाली, तालुक्याला कॉलेजात जाते. भावासाठी घेतलेल्या जुन्या संगणकावर ती रात्री तो ट्रकचा खेळ खेळते. उन्हाळ्यात कांदा काढायला जाऊन तिने अडीच हजार साठवले होते. सहा हजारांचं ९०० वालं स्टिअरिंग तिला हवं होतं, आणि आईने उरलेल्यासाठी गटाकडे अर्ज टाकला.

त्या महिन्याची सभा लांबली. एक काकू म्हणाल्या, कर्ज बियाण्याला, दवाखान्याला, फीला. खेळण्याला कर्ज दिल्याचं कुठे ऐकलं आहे का? दुसरीने विचारलं, गेल्या वर्षी मोबाईलसाठी तीन कर्जं दिली तेव्हा कुणी विचारलं का, त्यावर काय बघणार? तिसरी म्हणाली, मुलगा असता तर दिलं असतं, मुलीला स्टिअरिंग कशाला? ह्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्या मुलीच्या आईच म्हणाल्या, "तिच्या भावाने मागितलं असतं तर मी आधीच दिलं असतं, सभेत आलेच नसते. म्हणून मुद्दाम आले."

मग आम्ही वहीत हिशोब मांडला. आमच्याकडे व्याज महिन्याला शेकडा दोन, उरलेल्या रकमेवर. पूर्ण सहा हजार घेतले आणि दर महिन्याला सहाशे फेडले, तर पहिल्या महिन्याचं व्याज १२०, दुसऱ्याचं १०८, असं उतरत दहाव्या महिन्याला १२. सगळं मिळून ६६०. म्हणजे सहा हजारांची वस्तू सहा हजार सहाशे साठला पडते. साडेतीन हजारच घेतले आणि साडेतीनशेने फेडले तर व्याज ३८५. व्याज घराबाहेर जात नाही, गटातच राहतं, हे खरं. पण हप्ता दर महिन्याला दुधाच्या पैशातून जाणार, आणि उन्हाळ्यात दूध आटतं. काकूंचं म्हणणं इथे बरोबर होतं. शेवटी ठरलं असं: मुलीने आणखी हजार जमवायचे, गट अडीच हजार देईल, हप्ता अडीचशेचा, आणि कर्ज आईच्या नावावर असलं तरी हप्ता घेऊन सभेला मुलीने यायचं. काकूंनी सही केली. आजही त्या म्हणतात, पटलेलं नाही.

आम्ही हे सांगतो ते सगळ्या गटांनी असंच करावं म्हणून नाही. ज्या घरात बियाण्याचं कर्ज अजून अंगावर आहे, तिथे आम्ही नको म्हटलं असतं. आणि कुठल्याही घरात पहिले दोन-तीन महिने पोराने कीबोर्डवरच खेळून दाखवावं. तेवढ्यात खेळाचा कंटाळा आला तर सहा हजार वाचले.

ह्यात पोरं एक गोष्ट पुढे करतात. म्हणतात, खेळ खेळून माणूस खरा शर्यतपटू झाला, त्यावर सिनेमासुद्धा आहे. ते खोटं नाही. ब्रिटनचा यान मार्डेनबरो ग्रान टुरिस्मो हा खेळ खेळायचा. सोनी आणि निसान ह्या कंपन्यांनी घेतलेली स्पर्धा त्याने २०११ साली जिंकली, पुढे तो खऱ्या गाडीतून ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. २०२३ साली सिनेमा आला. पण हजारोंमधून एकेकच निवडला जायचा, आणि निवडल्यावर कंपनीने त्यांना खऱ्या गाडीवर शिकवलं. ती स्पर्धा आता होत नाही. तेव्हा "पुढे नोकरी लागेल" म्हणून कुणी स्टिअरिंग मागत असेल तर त्या कारणासाठी देऊ नका. आवड आहे म्हणून मागत असेल तर विचार करा.

आणि ह्याहून महत्त्वाचं. घरी चाक आलं की पोराला वाटतं, मला गाडी येते. हाताला वळवायची सवय होते, आरसे बघायची आठवण राहते, गिअरचा दांडा असेल तर पहिला-दुसरा कुठे ते कळतं. इतकंच. ट्रॉलीत ऊस भरल्यावर ब्रेक किती लांब लागतो, समोरून बैलगाडी आली, कुत्रं आडवं आलं, शाळेतली पोरं रस्ता ओलांडतायत, हे खेळात शिकता येत नाही. तिथे आपटलं तर पुन्हा सुरू करता येतं. आपल्याकडे चौदा-पंधरा वर्षांची पोरं ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर जातात, आणि बाप कौतुकाने सांगतो. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, त्यात अठरा वर्षांखालच्या पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. त्या पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत परवाना मिळत नाही. ट्रॅक्टर पुष्कळ घरांत आईच्या नावावर असतो, अनुदानासाठी. मालक म्हणून नाव तुमचं असेल तर नोटीस तुम्हाला येईल. तेव्हा किल्ली कुठे टांगलेली असते ते आज घरी गेल्यावर बघा.

ती दूधवाल्या ताईंची मुलगी आता अठरा पूर्ण झाली. शिकाऊ परवाना काढला आहे, आणि गाडी शिकवणाऱ्याकडे नाव घातलं आहे. तिचे आठ हप्ते झाले, दोन राहिले. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याच्या गाडीत तिने क्लच इतक्या झटक्याने सोडला, की गाडी तीनदा बंद पडली. तिने घेतलेल्याला पेडल दोनच होते.

ज्यांच्या घरी स्टिअरिंग आलेलंच आहे आणि नीट चालतं की नाही कळत नाही, त्यांनी वायरीसकट आणि पेडलसकट आपल्या केंद्रावर घेऊन या. आपल्या संगणकावर त्या पट्ट्या बघून सांगता येईल. सकाळी अकरा ते एक, बाजाराचा वार सोडून कधीही. खोकं आणि बिल असेल तर तेही आणा.